'की नॉट डिटेक्टेड': गोराई जेट्टीवर अडकलेली गाडी आणि चावीवाल्याचा नवा धंदा

परवाच्या व्हिडिओत मी गाडीच्या चावीचा किस्सा अर्धाच सांगितला आणि वेळ संपली. आज पूर्ण सांगतो. कारण त्या किश्श्यात एक धंदा लपलेला आहे आणि तो कमी भांडवलात सुरू होतो.

आम्ही गोराईत राहतो. गोराई म्हणजे बोरिवली पश्चिमेची, खाडीच्या अलीकडची. एका सकाळी मला दादरला ट्रेनिंग होतं. मी गाडी चालवत बोरिवली स्टेशनपर्यंत आलो, इंजिन चालूच ठेवलं, उतरलो, बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि निघून गेली. तिला जेट्टीवर जायचं होतं, मावशी पॅगोडा बघून पलीकडून बोटीने येणार होत्या. जेट्टीवर पोहोचून तिने बटण दाबून गाडी बंद केली. मावशी आल्या, बसल्या. बायकोने ब्रेक दाबला, बटण दाबलं. काही नाही. समोर पाटी आली: 'की नॉट डिटेक्टेड'.

मला फोन. "अहो, गाडी म्हणतेय चावीच नाही!" मी म्हटलं, पर्समध्ये बघ. मग स्वतःच्या खिशात हात घातला. चावी माझ्याकडे. आणि मी अंधेरीच्या पुढे.

खरी गंमत पुढे आहे. तिथल्याच कोणीतरी एका मेकॅनिकला बोलावलं होतं. तो आला, बटण दाबलं, गाडी चालू होत नाही हे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, बॅटरी गेली." जंपर केबल लावली, पाचशे रुपये घेतले. गाडी चालू झाली नाहीच. मग म्हणाला, "आता टो करून शोरूमला न्यावी लागेल." तोपर्यंत मुलगा रिक्षाने घरून दुसरी चावी घेऊन पोहोचला. ती चावी तीन वर्षं कपाटात पडून होती. ती घेऊन बसले तरी पाटी तीच.

शेवटी मी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला कॉन्फरन्स कॉलवर घेतलं. त्याचं गाड्यांच्या अॅक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. त्याने विचारलं, "काकू, आतले दिवे लागतायत? हॉर्न वाजतोय?" दोन्ही चालू. "मग बॅटरी ठीक आहे. आता ती चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा, ब्रेक दाबा आणि चावीनेच बटण दाबा." गाडी चालू. फोनवर पाऊण मिनिट.

आता सांगा, या दोघांपैकी धंदा कोणाला कळतो? पाचशे रुपये मिळवणाऱ्याला की एक रुपया न घेणाऱ्याला? आज आमच्या सोसायटीतल्या किती गाड्या त्या दुकानात जातात ते मी मोजत नाही, पण आमची तर जातेच.

आधी समजून घ्या, गाडी चावीला ओळखते कशी

हे न समजता या धंद्यात उतरू नका. सोपं करून सांगतो.

जुन्या चावीत दात होते, ते कुलपात बसले की काम झालं. आताच्या चावीत आणि गाडीत बोलणं होतं. बोलायला सुरुवात गाडी करते. दाराच्या हँडलमध्ये, केबिनमध्ये, डिकीजवळ छोटे अँटेना असतात. तुम्ही हँडलला हात लावला किंवा स्टार्टचं बटण दाबलं की ते हळू आवाजात विचारतात, "कोणी आहे का?" ही हाक साधारण १२५ किलोहर्ट्झची असते आणि ती फार लांब जात नाही, दारापासून मीटरभर, फार तर दीड मीटर. मुद्दामच तशी ठेवलेली असते, म्हणजे तुम्ही तिसऱ्या मजल्यावर असताना गाडी उघडू नये. हाक ऐकू आली की चावी जागी होते आणि वेगळ्या, वरच्या लहरीवर उत्तर देते. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ती ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. उत्तर दर वेळी वेगळं, सांकेतिक. गाडीने ते पडताळलं की दार उघडतं. चावी केबिनच्या आत आहे असं आतल्या अँटेनाने सांगितलं की इंजिनाला परवानगी मिळते.

चावीचा सेल लागतो तो मुख्यतः हे उत्तर पाठवायला. आणि इथेच बहुतेक लोकांना माहीत नसलेली गोष्ट आहे. त्याच चावीत सेलशिवाय चालणारी सोयही असते. तिला वीज गाडीकडून मिळते, हवेतून, जसं मेट्रोचं कार्ड मशीनला टेकवल्यावर चालतं तसं. पण त्यासाठी चावी अगदी जवळ न्यावी लागते, दोन-चार सेंटिमीटरवर. म्हणून सेल मेला तरी चावी बटणाला टेकवली की गाडी चालू होते. काही गाड्यांत ही जागा बटणाऐवजी स्टिअरिंगच्या दांड्यावर किंवा मधल्या खणात असते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेली असते. ते मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकमध्ये तसंच पडलेलं असतं, ही आपली राष्ट्रीय सवय.

दारही असंच. चावीच्या पोटात लोखंडी पातं असतं, बाजूची छोटी खिटी सरकवली की निघतं. ड्रायव्हरच्या दाराला चावीचं भोक असतं, पण बऱ्याच गाड्यांत ते हँडलच्या टोपणाखाली झाकलेलं. ग्राहकाला वाटतं भोकच नाही.

मग माझ्या बायकोची गाडी स्टेशनवरून जेट्टीपर्यंत चावीशिवाय चाललीच कशी? कारण चालू इंजिन गाडी स्वतःहून बंद करत नाही. लिंक रोडवर मध्येच इंजिन बंद पडलं तर मागचा टेम्पो अंगावर येईल. चावी बाहेर गेली की ती फक्त बीप करते आणि पाटी दाखवते. बोरिवली स्टेशनबाहेर सकाळी नऊला बीप ऐकू येईल? तुम्हीच सांगा.

याची दुसरी, गंभीर बाजूही आहे. इंजिनाचा आवाज कमी असलेल्या गाडीतून माणूस चावी घेऊन उतरतो आणि गाडी बंद करायची विसरतो. अमेरिकेत घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये अशा चालू राहिलेल्या गाड्यांच्या धुराने २००६ पासून दोन डझनांहून जास्त माणसं दगावली, असं न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये छापलं होतं. नंतर २०२१ च्या तिथल्या कायद्यात इंजिन आपोआप बंद होण्याच्या सोयीची तरतूद आली. आपल्याकडे घराला चिकटून गॅरेज कमी, पण बंद बेसमेंट वाढतायत. ग्राहकाला ही एक गोष्ट जरूर सांगा, फुकट सांगा.

पाटी एक, कारणं दहा

'की नॉट डिटेक्टेड' म्हणजे चावी बिघडली असं नाही. ताप आला म्हणजे मलेरियाच असं नसतं, तसंच. डॉक्टर आधी विचारतो, मग औषध देतो. तुमची कमाई या विचारण्यात आहे.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो सेल. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ असतो. या आकड्याचा अर्थ माहीत हवा: २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. २०२५ घातला तर तो २.५ मिलिमीटर, बसेल पण सैल, आज चालेल उद्या नाही. दोन्ही ३ व्होल्टचेच, त्यामुळे अनेक जण गोंधळतात. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या वर दाखवतो. पण एक सांगून ठेवतो, थकलेला सेलही नुसता मोजला तर कधी कधी बरा आकडा दाखवतो आणि चावीने उत्तर पाठवायला सुरुवात केली की कोसळतो. म्हणून शंका असेल तर नवा घालूनच बघा. काही नव्या सेलवर मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू थर दिलेला असतो, त्या थरामुळे काही उपकरणांत नीट संपर्क होत नाही. नवा सेल टाकूनही चावी मुकी राहिली तर दुसऱ्या बनावटीचा टाकून पाहा, बोर्ड गेला म्हणू नका. आणि जुने सेल खिशात सुट्या पैशांत टाकू नका, घरी लहान मूल असेल तर अजिबात नाही. गिळलेला असा सेल अन्ननलिका दोन तासांत भाजू शकतो.

सेल साधारण एक ते तीन वर्षं चालतो. कोणी म्हणालं, "आत्ता सहा महिन्यांपूर्वी बदलला," तर विचारा, "चावी घरात कुठे ठेवता?" टीव्हीच्या शेजारी, लॅपटॉपवर किंवा तळमजल्याच्या घरात दाराजवळच्या खिळ्यावर आणि गाडी खिडकीबाहेरच? मग चावीला विश्रांती नाही. आजूबाजूच्या लहरींनी ती परत परत जागी होते आणि सेल संपतो. गोराईतल्या बैठ्या घरांत हे मी स्वतः पाहिलंय. चावी आतल्या खोलीत ठेवली, प्रश्न मिटला.

दुसरं कारण गाडीची बारा व्होल्टची बॅटरी. आपल्या भागात हे जास्त, कारण माणूस सोमवार ते शनिवार लोकलने जातो आणि गाडी रविवारी डी-मार्टपुरती बाहेर निघते. बॅटरी भरतच नाही. ती अर्धमेली असली की बटण दाबल्यावर व्होल्टेज खाली जातं, गाडीचे कॉम्प्युटर गोंधळतात आणि कधी कधी दोष चावीच्या नावावर येतो. ओळखायचं कसं? आतला दिवा बटण दाबताच मंद होतो का, टकटक आवाज येतो का, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो का. तसं असेल तर केबल लावा. नसेल तर केबलला हातही लावू नका. जेट्टीवरच्या त्या मेकॅनिकने हेच एक पाहिलं असतं तर पाचशे रुपये गेले असते, पण अख्खी गोराई मिळाली असती.

तिसरं, मोबाईल. चावी आणि फोन एकाच खिशात किंवा चावी वायरलेस चार्जरच्या शेजारच्या खणात. या चार्जरची लहर साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. गाडीची हाक १२५ वर. म्हणजे लग्नात डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून कोणी तुम्हाला हळूच हाक मारली तर? तेच. चार्जरवरून फोन उचला, चावी लांब धरा, परत बटण दाबा. रस्त्यावरचा स्वस्त यूएसबी चार्जर आणि डॅशकॅमसुद्धा असा त्रास देतात. सगळं काढून एकेक लावत जा.

आणखी बारीकसारीक कारणं पटापट सांगतो. चावी डॅशबोर्डवर, जमिनीवर किंवा दाराच्या खणात असेल तर काही गाड्यांत आतला अँटेना तिला पाहत नाही. नाण्यांच्या किंवा धातूच्या डबीत असेल तर बाहेरचं ऐकू येत नाही. दोन गाड्यांच्या चाव्या एकाच जुडग्यात असल्या तर एकमेकींच्या बोलण्यात तोंड घालतात. नव्या काही चाव्या बराच वेळ हलल्या नाहीत तर झोपतात, नुसत्या हलवल्या की काम होतं (ग्राहकासमोर हे करताना फार हसू नका).

आणि एक कारण, जे चावीचं नाहीच. गाडीत दिवे आहेत, पाटी नाही, चावी ओळखलीय, पण बटण दाबलं की फक्त रेडिओ लागतो, इंजिन नाही. मागे माणूस उभा करा आणि ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागले नाहीत तर पॅडलजवळचं ब्रेक स्विच संशयित आहे. गाडीला वाटतंय तुम्ही ब्रेक दाबलाच नाही. गिअरच्या गाडीत क्लच पूर्ण दाबायचा असतो, नवीन शिकलेला माणूस अर्धाच दाबतो. स्टिअरिंग एका बाजूला ताणून लॉक झालं असेल तर ते हलकेच डावी-उजवीकडे हलवत बटण दाबा. यात तुमचा एक रुपयाचा माल जात नाही. फक्त डोकं जातं. म्हणून व्हिजिट चार्ज आधीच सांगून घ्यायचा, "काही बदललं नाही तरी एवढे लागतील." लाजू नका.

खाडीच्या पलीकडचा ग्राहक

आता गोराईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. अलीकडे आपली वस्ती, म्हाडाच्या इमारती, सोसायट्या. पलीकडे गोराई गाव, बीच, पॅगोडा, पुढे मनोरी, वर उत्तन. मध्ये खाडी. बोटीत माणसं चढतात, दुचाकी चढते, कार नाही. कारने पलीकडे जायचं तर भाईंदरवरून उत्तनमार्गे लांबचा वळसा.

रविवारी बीचवर कार घेऊन आलेल्या माणसाने चावी खिशात ठेवून समुद्रात डुबकी मारली. बाहेर आला, गाडी ओळखत नाही. टो करणारी गाडी येणार तर भाईंदरवरून वळसा घालून. आणि तुम्ही? स्कूटर बोटीत चढवली की थोड्याच वेळात पलीकडच्या जेट्टीवर. तुमच्या बॅगेत स्क्रू ड्रायव्हर, सेल, मल्टिमीटर, गोडं पाणी. हा फायदा शोरूमकडे नाही, मोठ्या अॅपकडेही नाही. फक्त शेवटची बोट किती वाजता सुटते हे आधी विचारून जा, नाहीतर तुम्हीच उत्तनवरून घरी याल.

खाऱ्या पाण्यात पडलेल्या चावीचं काय करायचं हे नीट शिकून घ्या, कारण इथे मिनिटं मोजली जातात. खारं पाणी आणि वीज एकत्र आली की बोर्डवरचं तांबं खाल्लं जातं, हिरवट पावडर धरते. म्हणून पहिलं काम, सेल बाहेर. ग्राहकाचा फोन आला की निघायच्या आधीच त्याला सांगा, "साहेब, चावी उघडा, सेल काढून ठेवा, बटणं दाबत बसू नका." मग बोर्ड गोड्या पाण्याने धुवायचा. हो, पाण्याने. मीठ पाण्यातच विरघळतं. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं. हेअर ड्रायरची गरम हवा नको, तांदळाचा डबा तर नकोच, तांदूळ मीठ काढत नाही. आणि वाळेपर्यंत ग्राहकाला उन्हात उभं करायचं नाही. लोखंडी पात्याने दार उघडा, सेल नसलेली चावी बटणाला टेकवा. आतली ती सेलशिवायची सोय अशा वेळी बऱ्याचदा जिवंत असते. गाडी चालू झाली तर सांगा, "थेट घरी जा, मध्ये बंद करू नका, घरची दुसरी चावी काढा आणि ही माझ्याकडे ठेवा, दोन दिवसांत सांगतो." न झाली तर खोटा धीर देऊ नका. दुसरी चावी घरून मागवणं हाच तिथला सगळ्यात स्वस्त उपाय असतो.

आता कारच नाही. होंडाने जानेवारी २०२३ मध्ये अॅक्टिव्हाचं एच-स्मार्ट मॉडेल आणलं, तेव्हापासून चावीशिवायची स्कूटरही घराघरांत दिसू लागलीय. स्कूटरवाला जास्त भिजतो. पावसाळ्यात तुमचा फोन जास्त वाजेल.

पैशाचं बोलू

कागद-पेन घ्या. आकडे मी उदाहरणासाठी धरतोय, तुमच्या भागात विचारून तुमचे घाला.

समजा दिवसाला चार कॉल आले, प्रत्येकी सरासरी ३५० रुपये हातात पडले. १,४०० झाले. पेट्रोल, बोट, फोन, चहा मिळून ३०० खर्च. उरले १,१००. महिन्याचे २५ दिवस धरले तर २७,५००. छान वाटतं ना? आता खरं सांगतो. सुरुवातीला चार कॉल येत नाहीत. सरासरी दीड आला तर ५२५, खर्च तोच ३००, उरले २२५, महिन्याचे ५,६२५. यात घर चालत नाही. आमच्या बॅचमध्ये हिशेब इथे आला की अर्धी मुलं वही मिटतात.

मिटू नका. बिघाड होण्याची वाट बघणं हा अर्धाच धंदा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा. रविवारी सकाळी गेटजवळ टेबल टाका: 'गाडीची चावी तपासणी, मोफत'. चावी बघा, सेल मोजा, पातं निघतं का बघा (गंजून अडकलेली पाती भरपूर सापडतील), चावी कुठे टेकवायची ते मालकाला स्वतःच्या गाडीत करून दाखवा. सेल बदलायचा त्यांना बदलून द्या. समजा ४० चाव्या झाल्या आणि सेलमागे १०० रुपये सुटले, तर अर्ध्या दिवसात ४,०००. आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर गेला. तपासणी नावालाच मोफत असू नये, ज्याचा सेल चांगला आहे त्याला "चांगला आहे, पुढच्या वर्षी बघू" म्हणून परत पाठवा. तोच माणूस दहा जणांना सांगतो.

जुन्या गाड्या विकणारे, ट्रॅव्हल्सवाले, भाड्याने गाड्या देणारे, ड्रायव्हर मंडळींचे व्हॉट्सअॅप ग्रुप, हे बांधून ठेवा. घासलेलं चावीचं कव्हर बदलणं हे यातलं सगळ्यात सोपं आणि नियमित काम.

प्रोग्रॅमिंगचं मशीन पहिल्या दिवशी घेऊ नका. हे मी ठासून सांगतो कारण यात मुलं बुडाली आहेत. हरवलेल्या चावीच्या जागी नवी चावी गाडीला शिकवणं हे मोठं काम. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावावं लागतं, काही कंपन्यांच्या गाड्यांत गुप्त कोड लागतो, काहींत कंपनीशिवाय होतच नाही. दोन्ही चाव्या हरवल्या असतील तर आणखी अवघड. आणि शिकवताना मध्येच गाडीची बॅटरी बसली तर गाडीचं कंट्रोल युनिट अडकू शकतं, त्याचा खर्च तुमच्या वर्षभराच्या कमाईएवढा. आधी सहा महिने निदान, सेल, कव्हर, जंप स्टार्ट करा. प्रोग्रॅमिंगचं काम आलं तर मशीन असलेल्या जाणकाराकडे पाठवा, ठरवून कमिशन घ्या, शेजारी बसून बघा.

चावीवाल्याची अब्रू

हा धंदा विश्वासाचा आहे आणि धोक्याचाही. गाडी तुमची आहे असं म्हणणारा प्रत्येक जण मालक नसतो. दार उघडून देण्याआधी, चावी बनवून देण्याआधी आरसी बघा (डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये चालेल), लायसन्स बघा, नाव जुळतंय का बघा. जुळत नसेल तर मालकाला व्हिडिओ कॉल. एक वही ठेवा: तारीख, गाडीचा नंबर, नाव, फोन, काम, सही. ग्राहक चिडेल. चिडू दे. "साहेब, तुमच्या गाडीसाठी कोणी दुसरा माझ्याकडे आला तर त्यालाही मी हेच विचारीन." एवढं म्हटलं की बहुतेक जण शांत होतात.

चावी हरवली असेल तर आधी पोलिसांकडे हरवल्याची नोंद करायला सांगा, मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर ती ऑनलाइनही होते. ग्राहकाला वाटतं कटकट आहे. पण उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक कुठे गेली याचा कागद नसेल तर क्लेम अडकतो. विम्यात चावी बदलून मिळण्याचं वेगळं कव्हरही असतं, ते आहे का विचारा. असेल तर खर्च ग्राहकाचा वाचतो आणि तुमचं नाव होतं.

चोरांचंही ऐकून ठेवा. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेलं घेतली आणि गाडीची ती हळू हाक दोन यंत्रांनी लांब चावीपर्यंत पोहोचवून दाखवली. चावी मालकाच्या खिशात, गाडी दुसऱ्यासमोर उघडली. दहाच्या दहा. त्यानंतर चाव्या सुधारल्या, पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. म्हणून चावी ठेवायचे धातूच्या अस्तराचे पाऊच विकायला ठेवायला हरकत नाही, फक्त विकण्याआधी ग्राहकासमोर चावी पाऊचमध्ये टाका आणि हँडल ओढून दाखवा. दार उघडलं तर पाऊच पुरवठादाराला परत.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी फुकट आहे, सरकारी पोर्टलवर स्वतः करा, कोणाला हजार रुपये देऊ नका. दुकान टाकलं आणि माणसं थोडीच असली तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन माहिती द्यायची असते. नुसती सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. आणि हे अनेकांना माहीत नाही: १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुलूप-चावीवाला आहे. तुम्ही आधीपासून हाताने हे काम करत असाल तर प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज अशी सोय त्यात आहे. गेल्या पाच वर्षांत मुद्रासारखं कर्ज घेतलं असेल तर अटी आधी वाचा. वडील किंवा काका फुटपाथवर चाव्या घासत बसत असतील तर त्यांच्या नावाचा विचार करा. त्यांचं कौशल्य पात्यात आहे, तुमचं सेलमध्ये. दोन्ही एकाच चावीत लागतात.

या रविवारचा गृहपाठ. आधी स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीची चावी घ्या. सेल काढा. पात्याने दार उघडा. सेल नसताना गाडी चालू करून दाखवा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मग अजून चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर तेच करा, आणि प्रत्येकीची टेकवायची जागा वहीत चित्र काढून नोंदवा. पाच चित्रं झाली की मला फोटो पाठवा, पुढच्या बॅचला जेट्टीवरच भेटू. गाडी मी आणतो. चावी या वेळी बायकोकडे असेल.